उजव्या कोपऱ्यातला बोल्ट

आपल्या हातची चूक सापडली म्हणून आनंदानं डोळ्यांत पाणी यावं, असं वृषाली कुराडेच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आजऱ्यात आंबोली रस्त्याला तिचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. तिनं केलेल्या वायरिंगला कुणी नाव ठेवलंच, तर ती त्या माणसाशी पुढचे कित्येक दिवस धड बोलत नसे. आणि आज तीच बाई वडिलांच्या गाडीचं बॉनेट उघडून एका बोल्टकडं बघत खुदुखुदु हसत होती.

बोल्ट उजव्या हेडलाइटच्या मागं, गाडीच्या पत्र्यात बसवलेला होता. मीटरची एक तार तिनं त्याला लावली होती आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. सगळं बंद असताना मीटर शून्य दाखवत होता. तिनं लाइट लावले, काचेवर हवा मारणारा ब्लोअर सुरू केला, आणि आकडा टुणकन उडी मारून एक व्होल्टच्या वर जाऊन बसला. जिथं काहीच दिसायला नको, तिथं एवढं. तिनं पाना लावून बोल्ट सैल केला. खाली हिरवट पांढरा थर साचला होता. नखानं खरवडून तिनं वास घेतला. आंबूस वास होता, खोबऱ्याचा.

"आप्पा," तिनं हाक मारली, "इकडं या. तुमचं काळीज धडधाकट हाय. माझं अर्थिंग सडलंय."

भैरू कुराडे चहाचा कप घेऊन बाहेर आले. तीस वर्षं आजरा ते सावंतवाडी गाडी चालवलेला माणूस. ते वाकून बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "म्हंजे मशीनच खोटं बोलालतं व्हय?"

"मशीन न्हाई. त्याला उभं राहायला जी जागा मी दिली, ती खोटी."

या मशीनचं सरकारी नाव हृदयमित्र. ड्रायव्हर लोक त्याला चुगली म्हणत. मध्यंतरी घाटांत लागोपाठ अपघात झाले. चालत्या गाडीत ड्रायव्हरचं हृदय थांबलं आणि मागं बसलेल्यांना कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून प्रवासी गाडीला हे यंत्र सक्तीचं झालं. नव्या गाड्यांत ते कारखान्यातूनच येई, जुन्यांत बाहेरून बसवावं लागे. स्टिअरिंगच्या चाकावर चढवायचा एक पट्टा, ब्रेकला एक मोटर, चाकाच्या दांड्याला दुसरी. पट्टा दोन्ही तळव्यांमधून हृदयाचे ठोके टिपतो. ठोका ठीक असला की चाक हिरवं दिसतं. ठोक्यांमध्ये मोठा खंड पडला की चाक लाल होतं, मशीन गाडी स्वतःच्या ताब्यात घेऊन कडेला उभी करतं आणि परिवहन कार्यालयाला कळवतं. तिसऱ्यांदा कळवलं की प्रवासी गाडीचं लायसन कायमचं रद्द. आप्पांच्या नावावर दोन नोंदी झाल्या होत्या.

गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली, ती नितळ आली. "पण असे खंड येतात आणि जातात," ते म्हणाले होते. "एक दिवस यंत्र अंगावर बांधून ठेवू, मग खरं काय ते कळेल." आप्पा ती गोष्ट उद्यावर ढकलत राहिले. आणि वृषालीच्या मनातली धास्ती काही केल्या विरघळेना.

आता ती एका बोल्टाखाली विरघळली होती. तिनं आप्पांना ते सगळं समजावून सांगितलं, जसं दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगते तसं. गाडीत लाइटला जाणारी वायर असते, पण परतीची वायर नसते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. सगळ्यांचा करंट पत्र्यातून बॅटरीकडं घरी जातो. वायर पत्र्याला जिथं जोडली जाते ते अर्थिंग. तो सांधा स्वच्छ असला तर पत्रा म्हणजे ठरलेली पातळी, बाकी सगळ्या उंच्या तिथून मोजायच्या. सांधा गंजला की लाइटचा करंट तिथं तुंबतो आणि ती पातळीच वर उचलली जाते. हृदयाचा ठोका तळहातापर्यंत पोचतो तेव्हा एका व्होल्टचा हजारावा भाग उरलेला असतो. ब्लोअर सुरू झाला की ज्याच्या पायाखालची जमीनच एक व्होल्टनं उडते, त्या मशीनला तो ठोका कुठून ऐकू यावा? ते दोन-तीन सेकंद बहिरं होतं. हात चाकावर आहेत हे त्याला कळतं, ठोका ऐकू येत नाही, तेव्हा हृदय थांबलं असं ते धरून चालतं.

"आनी ह्यो गंज कशानं?" आप्पांनी विचारलं.

वृषालीनं नखातला तो खोबऱ्याच्या वासाचा थर त्यांच्या नाकापाशी धरला.

कुराड्यांच्या घरी गाडीचा नारळ जमिनीवर फोडत नाहीत. आप्पांच्या पहिल्या गाडीपासूनची रीत. दसऱ्याला आणि दर अमावास्येला उजव्या कोपऱ्यातल्या बंपरच्या लोखंडावर नारळ फोडायचा आणि पाणी वाया न घालवता बॉनेटच्या फटीवरच ओतायचं. गाडीला पाणी पाजायचं, असं आप्पा म्हणत. ते पाणी फटीतून थेट बोल्टावर उतरत होतं. खारट, गोडसर, करंट वाहणाऱ्या उघड्या लोखंडाला त्याहून वाईट काही नाही. वृषालीनं जागा निवडताना रंग खरवडला होता, वॉशर घातला होता, सगळं शास्त्रात बसवून केलं होतं. फक्त आरतीचं ताट धरून आपण दरवेळी नेमक्या त्याच कोपऱ्यात उभ्या असतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आप्पा हसले. खूप मोठ्यानं हसले. संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी बोल्टाची गोष्ट सांगितली. आईनं रवळनाथाच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले, आणि मग तिनं विचारलं, "मग ते डॉक्टरांचं यंत्र बांधायचं ऱ्हायलंच की?"

"आता कशाला?" आप्पा म्हणाले. "रोग बोल्टाला हुता. तुझ्या लेकीनं बरा केला न्हवं?"

वृषालीही तेच म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो पुन्हा बाहेर काढायची तिची तयारी नव्हती.

तिनं मशीनला नवी जाड वायर थेट बॅटरीपासून ओढून दिली. परिवहन कार्यालयाला कळवलं. सोमवारी माणूस येऊन बोल्ट बघेल आणि मग नोंदी पुसायचं ठरवू, असं उत्तर आलं. पण रविवारी सावंतवाडीला बायकांची भजन स्पर्धा होती आणि आजऱ्याचं मंडळ घेऊन जायचा शब्द आप्पांनी कधीच दिला होता.

रविवारी सकाळी गाडी पुसता पुसता आप्पा म्हणाले, "त्या चुगलीचा फ्यूज काढून ठेव."

"कशाला? आता वायरिंग चोख हाय. मी स्वतः तपासलंय."

"हाय की. पन सोमवारपातूर मला धोका नको. एक चुकीची नोंद झाली तर तीस वर्षांची भाकरी गेली. घाटाखालच्या नाक्यावर चाक तपासत्यात, त्याच्या आधी परत घाल. तू चल संगं."

"आप्पा, आपण बंद करून गाडी चालवली हे कळलं तर..."

"कुनाला कळनार? तू सांगनार?"

एरवी ते असं टोचून बोलत नसत. वृषालीला ते जरा खटकलं, पण तिनं मनाला लावून घेतलं नाही. माणूस घाबरलाय, दोन नोंदींनी हैराण झालाय, असं तिनं स्वतःला समजावलं. डॅशबोर्डखाली हात घालून तिनं नखाएवढा फ्यूज उपसला आणि मुठीत धरला. चाक काळं पडलं.

मंडळाच्या बायका गाडीत चढल्या. त्यांची म्होरकी सरूमावशी, पेटी मांडीवर घेऊन आप्पांच्या बरोबर मागं बसली. गवसे गाव मागं पडेपर्यंत गाडीत हसणं-खिदळणं चाललं होतं, मग मावशीनं पेटीचा भाता ओढला आणि सराव सुरू झाला. आप्पा चाकावर बोटांनी ताल धरत होते. वृषालीला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी ते असे सैल बसले होते.

आंबोली ओलांडली आणि धुकं लागलं. घाटाच्या तोंडाशी तर पुढच्या गाडीचे लाल दिवेही मधूनच दिसत. आप्पांनी लाइट लावले, ब्लोअर सुरू केला. काच खालून वर हळूहळू साफ होत गेली. दोन्ही बाजूंना गाड्या कासवाच्या गतीनं चालल्या होत्या. डावीकडं डोंगर, उजवीकडं कठडा, आणि कठड्यापलीकडं नुसतं पांढरं.

"ह्या वळनाला," आप्पा सांगू लागले, "एकदा माझ्या म्होरं एक ट्रक..."

वाक्य तिथंच थांबलं. वृषाली वाट बघत राहिली. गाडी कठड्याच्या बाजूला सरकल्यासारखी वाटली, अगदी थोडी, मग आप्पांनी चाक ओढून ती सरळ केली.

"ट्रकचं काय झालं?"

"कुठला ट्रक?" आप्पा म्हणाले.

 वृषालीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. कपाळावर घाम होता. काच निवळावी म्हणून ब्लोअर गार हवा मारत होता, तरी त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

काहीतरी चुकतंय, असं तिला वाटत राहिलं. भीती वाटत होतीच, पण ती वेगळी. हे एखाद्या सर्किटमध्ये एक वायर जास्त निघावी तसं होतं. तिनं मुठीतला फ्यूज बघितला. मग तिची नजर ब्लोअरकडं गेली, त्याच्या घरघरीकडं. आणि तिला मांडीवर जड काहीतरी असल्याचं आठवलं.

पहिली नोंद झाली त्या दिवशी ती याच सीटवर बसली होती. वैशाखातली टळटळीत दुपार. गडहिंग्लजच्या बाजारातून दोघं परत येत होती. ब्लोअरची मोटर जळली होती म्हणून तिनं तो काढून घेतला होता आणि रस्ताभर तो ग्रीसनं माखलेला गोळा कागदावर घेऊन ती मांडीवर सांभाळत होती. चाक लाल झालं, गाडी आपोआप कडेला गेली, तेव्हा ब्लोअर तिच्या मांडीवर होता. लाइट कुणी लावणार, भर उन्हात?

त्या बोल्टावरून फक्त तिघांचा करंट घरी जात होता. लाइट, ब्लोअर आणि मशीन. लाइट बंद आणि ब्लोअर मांडीवर असेल तर बोल्ट कितीही सडलेला असो, त्यावरून वाहायला मशीनच्या चिमूटभर करंटाशिवाय काही नव्हतंच. पातळी हलणार कशानं? परवा तिनं स्वतःच मीटर लावून बघितलं होतं. सगळं बंद असताना शून्य.

दुसरी नोंद धुक्यातली, संध्याकाळची, लाइट आणि ब्लोअर दोन्ही चालू. ती बोल्टाची. पहिली नव्हे.

पहिली आप्पांची होती.

तिला सत्य कळायला मीटर लागला नव्हता. परवाच कळू शकलं असतं. पण परवा तिला चूक हवी होती, आपली चूक, आणि ती मिळाल्यावर तिनं पुढं बघितलंच नाही. एरवी एक गाडी तपासायला ती दोन-दोन तास लावायची, आणि बापाच्या बाबतीत पहिल्या गंजाला बोट लावून मोकळी झाली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"आप्पा, गाडी बाजूला घ्या."

"हितं? वळनावर? मागचा येऊन आदळंल."

ते बरोबर होतं. मागं पिवळे दिवे चिकटून येत होते. पुढं दरीची बाजू. थांबायची जागा धबधब्याच्या पुलापाशी, तीही दोन-चार वळणं खाली. मागं सरूमावशीनं वरचा सूर धरला होता आणि सगळ्या बायका तो उचलत होत्या. त्यांच्यातल्या एकीलाही काही माहीत नव्हतं.

वृषाली वाकली. डॅशबोर्डखाली फ्यूजची खाच बोटांनी चाचपली. आप्पांनी डावा हात चाकावरून काढून तिचं मनगट धरलं.

"वृषे, हात काढ तिथनं."

"आप्पा, त्या दिवशी ब्लोअर माझ्या मांडीवर होता."

त्यांनी कुठल्या दिवशी असं विचारलं नाही. नुसता समोरचा रस्ता बघत राहिले, आणि मनगटावरची पकड थोडी घट्ट झाली. तेव्हा वृषालीला कळलं की त्यांना ठाऊक होतं. फ्यूज काढायचा हट्ट वायरिंगवरच्या अविश्वासापोटी नव्हताच. वायरिंग चोख झालंय, आणि आता मशीन खरं तेच बोलेल, याची त्यांना भीती होती.

"तिसरी नोंद झाली तर मी काय करू?" ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की भजनात बुडून गेला असता. "घरात बसून भिंतीकडं बघू? मला दुसरं काय येतंय, सांग की."

तिला त्या क्षणी वाटलं, मशीन चुकीचं असू दे. बोल्ट, वायर, कंपनी, काहीही चुकू दे. फ्यूज घातला तर वडील आयुष्यभर आपल्याकडं त्याच नजरेनं बघतील, ज्या नजरेनं स्टँडवर चुगलीकडं बघतात. आणि नाही घातला तर पुढच्या वळणावर कुठला ट्रक असं विचारायलासुद्धा कुणी उरणार नाही. मागं आठ बायका होत्या. एकीच्या मांडीवर पेटी होती.

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि फ्यूज दाबून बसवला.

चाक पिवळं झालं. मशीन जागं होताना आधी ठोके मोजून घेतं.  आप्पांचे दोन्ही हात चाकावर होते, बोटं पांढरी पडलेली. एक वळण गेलं. चाक हिरवं झालं.

"बघ," आप्पा म्हणाले. "हिरवं." आणि त्यांनी मोठा उसासा टाकला. वृषालीच्याही खांद्यांतला ताण सुटला. तिला रडू आलं. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "बरं. माझंच डोकं फिरलं असंल."

हिरवा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. पुढचं वळण आलं. आप्पांनी चाक वळवायला घेतलं आणि अर्ध्यात हात थांबले.

चाक लाल झालं.

ब्रेकच्या मोटरचा किर्र आवाज आला. गाडीचे चारही कोपरे लुकलुकायला लागले, मागच्यानं जोरात हॉर्न दिला. चाक आपोआप फिरलं. वृषालीनं तिच्या हातांनी बसवलेल्या मोटरनं ते फिरवलं, दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला, आणि गाडी गटाराच्या काठाला टेकून उभी राहिली. आप्पांचे हात चाकावरून घसरून मांडीवर पडले. डोकं पुढं कललं होतं.

भजन थांबलं. पेटीतून एक सूर उगाच लांबत राहिला, मग तोही बंद झाला.

"आप्पा." तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आप्पा, आप्पा."

सरूमावशी मागून पुढं झुकली आणि काही न विचारता त्यांच्या खांद्याला आधार देऊन बसली. किती वेळ गेला ते वृषालीला नंतर कधीच सांगता आलं नाही. मग आप्पांनी डोळे उघडले, आधी काचेकडं बघितलं, मग चाकाकडं.

"मी झोपलो न्हवतो," ते म्हणाले.

"न्हाई, आप्पा."

"गाडी कुनी थांबिवली?"

 लाल उजेड अजून त्यांच्या बोटांवर होता. ते त्याकडं बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "त्या दिवशी बी असंच. डोळ्यापुढं अंधार, आनी परत उजेड. कुनाला बोललो न्हाई. दुसरी नोंद झाली त्या दिवशी मला कायबी झालं न्हवतं, म्हनून वाटलं, पैली बी खोटीच आसंल. आनी तुला बोल्ट घावला तवा तर... देवानंच दिला बघ. त्योच धरून बसलो."

"मी पण तोच धरून बसले, आप्पा," वृषाली म्हणाली, आणि मग ती खरंच रडली, लहान पोरीसारखी, बायकांसमोर.

रडायला वेळ नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती, रुग्णवाहिका या धुक्यात वर चढायला तास लावणार होती. सावंतवाडीचं हॉस्पिटल खाली होतं. सरूमावशीनं आणि तिनं मिळून आप्पांना बाजूच्या सीटवर घेतलं, आणि वृषाली चाकाला बसली.

"तू घाटात कधी चालिवली न्हाईस," आप्पा म्हणाले.

"तुम्ही सांगा. मी चालवते."

तिनं हात चाकावर ठेवले. चाक पिवळं झालं, ठोके मोजत राहिलं. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की तेही ऐकून मशीन घाबरेल असं तिला वाटलं. पण ठोके जोरात असले तरी एका माळेत होते. चाक हिरवं झालं.

"दुसऱ्या गिअरवरच उतर," आप्पा म्हणाले. "तिसरा टाकू नको. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, तापतील. पुढं पूल हाय, हॉर्न दे." त्यांचा आवाज मधूनच पुसट होई, आणि तसा झाला की ती "मग पुढं?" असं मोठ्यानं विचारी, आणि ते पुढचं वळण सांगत.  सरूमावशीनं त्यांचा खांदा घट्ट धरला होता. अशा रीतीनं आप्पांनी शेवटचा घाट उतरवला, बाजूच्या सीटवरून.

सोमवारी परिवहन कार्यालयाचा माणूस आला तेव्हा आप्पा हॉस्पिटलात होते. त्यानं काढून ठेवलेला बोल्ट बघितला, मान डोलावली आणि म्हणाला, "अर्थिंग खराब होतं हे दिसतंच आहे. तिन्ही नोंदी रद्द करता येतील."  वृषालीनं त्याला सांगितलं की फक्त मधली नोंद बोल्टाची, आणि कालची नोंद तिनं स्वतः फ्यूज घातल्यावर झाली, त्याआधी तो तिनंच काढला होता. त्यासाठी तिच्या दुकानाला दंड झाला. आप्पांचं लायसन गेलं.

ते बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती डबा घेऊन जायची, ते जेवायचे, ताट बाजूला सारायचे. आई मधे बसून दोघांच्या तोंडाकडं बघायची. वृषालीला फार वाईट वाटायचं, पण ते तिनं बोलून दाखवलं नाही, आणि दुसऱ्यांदा तसाच प्रसंग आला तर आपण तेच करू, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी एक डबी बसवली. हृदय ठोका विसरलं की ती आठवण करून देते. गाडी सकाळच्या फेरीला आता वृषाली चालवते आणि दुकान दुपारनंतर उघडतं.

दसऱ्याला आईनं गाडीला झेंडूचा हार घातला, ताट ओवाळलं. आप्पा नारळ घेऊन सवयीनं उजव्या कोपऱ्याकडं गेले. बंपरच्या लोखंडापाशी थांबले. हात वर उचलला होता, तो तसाच खाली आणला.

"वृषे," ते म्हणाले. डबी बसवल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच तिला अशी हाक मारली होती. "ह्या डबीचं अर्थिंग कुठं दिलंय गं?"

"तुमच्या अंगालाच. तुमचं अंग म्हणजे तिचा पत्रा."

आप्पांनी डावा खांदा चाचपला. "पत्रा जुना हाय."

"डॉक्टर म्हणाले, सांधा चांगला बसलाय."

"मीटर लावून बघितला काय त्यांनी?"

"बघितला, आप्पा."

ते गाडीपासून लांब गेले, रस्त्याकडेच्या दगडापाशी सावकाश टेकले आणि तिथं नारळ फोडला. पाणी मातीत जिरलं. मग एक तुकडा आईच्या हातावर, एक वृषालीच्या हातावर ठेवून ते गाडीच्या डाव्या बाजूनं चढले. चावी त्यांनी तिच्याकडं केली.

ती चाकाला बसली. हात ठेवले. चाक पिवळं झालं. आप्पा दार अर्धं उघडं धरून चाकाकडं बघत होते, रस्त्याकडं नाही. ते हिरवं झालं, तेव्हाच त्यांनी दार ओढून घेतलं.